मुद्देमाल

"मावशी, त्या पेटीलाही दोन बोटं लावा," शेडगे गुरुजी म्हणाले. "तीही शाळेचंच अवजार आहे."

खंडेनवमी होती. पोरांचं पाटीपूजन उरकलं होतं आणि मी माझ्या चुलीपुढची आयुधं पुजून उठले होते. पळी, विळी, दोन उलथनी, आणि साठ पोरांची खिचडी शिजते ते पातेलं. ताम्हण तसंच हातात होतं. पेटी व्हरांड्यात खांबाला टांगलेली. हिरवा रंग, पांढऱ्या अक्षरांत 'तक्रारपेटी', पुढं बोटभर कुलूप आणि वरच्या अंगाला चिठ्ठी टाकायची फट. सरकारी कागद आला तेव्हा गुरुजींनी हौसेनं करून घेतली होती. मी तिला हळद लावली, कुंकू लावलं आणि उरलेला झेंडूचा हार दोन्ही खिळ्यांना अडकवून वरून सोडला.

"मावशी, फटीवर नको गं हार," मागून कुणीतरी म्हणालं.

वैजंता होती. सहावीतली, धनगरवाड्यावरची. आंब्याच्या कोयीएवढा चेहरा आणि त्यात निम्मे डोळे.

"का गं? पूजा तू करतीस का मी?"

"तोंड झाकतंय तिचं."

"पेटीला तोंड असतंय व्हय? सरक तिकडं."

तिनं टाचा उंचावून हार एका बाजूला केला. मी तिच्या हातावर हलकी चापट मारली आणि हार पुन्हा होता तिथं आणला. सगळे हसले. गुरुजींनी फोटो काढला आणि वर पाठवला. शाळेत पेटी आहे, पेटीची निगा आहे, हे वर कळायला हवं होतं.

याला आता अकरा वर्षं झाली. मी त्या शाळेत पोषण आहार शिजवायचे. पोरं मावशी म्हणायची. नवरा लवकर गेला, पदरात मूल नाही, म्हणून ती साठ पोरं मी आपलीच धरली होती. पळी फिरवता फिरवता ओवी म्हणायचे. पोरं ताटल्या वाजवत ती पुरी करायची.

*पाखरं बसली ताटाला, दाणा दाणा वाटू किती*
*अंगणाची गं राखण, माझ्या बाभळीच्या भिंती*

धनगरवाड्यावरची आणि आसपासच्या वस्त्यांवरची अठरा पोरं हंबीरच्या टेम्पोतून यायची. हंबीर म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष भगवानतात्या यांचा मेव्हणा. डोंगराची वाट, पाच मैलांचं अंतर, एस.टी. नाही. टेम्पो सुरू झाला तेव्हा गावानं त्यापुढं नारळ फोडला होता. पोरं त्याला मामा म्हणायची.

त्याच वर्षी, खंडेनवमीच्या आधी, जुलैत एक दिवस वैजंताला टेम्पोत मागं बसून उलटी झाली. मी तिचं तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि हंबीरला हाक मारली.

"हंबीर, हिला उद्यापासनं पुढं घे रं. वारं लागंल जिवाला."

तो हसला. "घेतो की मावशी. तुमचा शब्द मोडीन व्हय मी?"

तेव्हापासून तिची जागा पुढं, त्याच्या शेजारी. आणि तेव्हापासूनच पोरगी शाळा सुटल्यावर माझ्यामागं रेंगाळायला लागली. "मावशी, पातेलं घासू का? मावशी, राख भरू का? मावशी, तांदूळ निवडू का?" मला वाटलं, उरल्यासुरल्या खिचडीवर जीव आहे. कधी वाटलं, घरी गेलं की शेळ्यांमागं जावं लागतं, त्याचा कंटाळा. मी म्हणायचे, "आगं आळशे, टेम्पो चुकंल, मग रडत बसशील." हात धरायचे, ओढत न्यायचे आणि पुढच्या सीटवर बसवायचे. त्या दाराची कडी एका दणक्यात बसत नसे. मी दोनदा आपटायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात ती चालत आली. पाच मैल. शाळा भरून तास उलटला होता. पायात बाभळीचा काटा मोडलेला, टाच सुजून टम्म. मी तिला चुलीपुढं बसवलं, सुई तापवली आणि टाच मांडीवर घेतली.

"टेम्पो चुकला?"

"न्हाय."

"मग?"

काटा खोल होता. मी कोरत होते तरी तिनं हूं की चूं केलं नाही. दुसरं पोर असतं तर शाळा डोक्यावर घेतली असती. मग तिनंच विचारलं, "मावशी, पेटीत टाकल्यावर किती दिसांनी येत्यात?"

"कोण येत्यात?"

"त्या पोलीसदीदी. शाळा सुरू झाल्यावर आलेल्या बघ. म्हणाल्या, काय बी नकोसं वाटलं की पेटीत टाका, आमी येऊ. मी नागपंचमीच्या आदुगर टाकलंय. मग आनखी टाकलं. चार झाली."

माझ्या हातातली सुई थांबली.

"काय टाकलंस?"

"मला पुढं बसायचं न्हाय."

"आगं मग मला सांगायचं! मी त्याला म्हटलं असतं..."

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं.

"तूच बसवायचीस," ती म्हणाली.

काटा निघाला. मी तो बराच वेळ चिमटीत धरून बसले होते.

तिनं आणखी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. दारं आपटलेल्या माझ्या हाताला सगळं कळलं होतं. तिनं फक्त एकच सांगितलं, "आईला सांगू नगंस. बा मेंढरं घेऊन खाली गेलाय. त्यो आला आन कळलं तर शाळा बंद करंल माजी."

मी तशीच उठून गुरुजींच्या खोलीत गेले. हाताची राख धुतली नव्हती.

"गुरुजी, पेटी उघडा."

"कुठली पेटी?"

"जिला तुमी हळदकुंकू लावाय सांगितलंत ती."

शेडगे गुरुजी वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. पोरांना घरच्या खर्चानं वह्या आणायचा, पावसाळ्यात गळक्या वर्गात आपली खुर्ची गळतीखाली घेऊन बसायचा. पण त्यानं डोळे वर केले नाहीत.

"मावशी, असं कुणी म्हणालं म्हणून पेटी उघडता येत नाही. नियम आहेत. अध्यक्ष पाहिजेत, पोलीस पाटील पाहिजेत, पालकांमधलं कुणी पाहिजे. सगळ्यांसमक्ष उघडायची."

"किती दिसांनी उघडायची?"

"दर आठवड्याला."

"मग किती बारी उघडली?"

त्यांनी खिशावर हात ठेवला. "किल्ली सापडत नाही."

टेबलावर महिन्याच्या अहवालाची वही उघडी होती. मी चौथी शिकलेली आहे, अक्षर ओळखते. जून, तक्रारी निरंक. जुलै, निरंक. ऑगस्ट, निरंक. सप्टेंबरच्या ओळीत तर वरच्या ओळीखाली नुसती दोन टिंबं दिली होती.

"हे न उघडताच लिवलंत?"

"हळू बोला."

"का हळू? पेटीत पोरगी बोलतीय, ती तर तुमाला ऐकू आली न्हाय. माझं तरी ऐका."

गुरुजींनी दार लोटलं. खालच्या आवाजात, जीव तोडून बोलले. "मावशी, हंबीरचं नाव घ्यायचं नाही. टेम्पो बंद झाला की वस्तीवरची अठरा पोरं घरी बसणार. अठरा गेली की पट ढासळला. सहावी-सातवीचे वर्ग बंद. मग आख्ख्या गावच्या पोरी सातवीआधीच शाळेबाहेर. एका पोरीसाठी तुम्ही एवढ्यांची शाळा घालवणार?"

"त्या अठरांत पोरी किती, गुरुजी?"

गुरुजी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"नऊ," मी म्हणाले. "रोज ताटल्या मी मोजते."

"उघडली तर वाचावं लागेल," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि खुर्चीत बसले. "खिचडी करपतीय बघा मावशी."

त्या रात्री वैजंताला मी माझ्याकडंच ठेवलं. पाय सुजलाय, असा तिच्या आईला निरोप धाडला. दुसरा दिवस शनिवार, सकाळची शाळा. भांड्यांच्या पाण्यासाठी चूल ऐन पेटलेली असताना भगवानतात्या स्वयंपाकघरात आले. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, तोंडात साखर. मागं शेडगे गुरुजी, आणि गुरुजींच्या हातात पेटी. खांबावरून उतरवलेली. वाळलेले झेंडू अजून तिला चिकटलेले.

"गजरावैनी," तात्या म्हणाले, "बरं चाललंय ना? तुमच्या हातच्या खिचडीचं लई नाव आहे. पुढच्या वर्षाचा ठराव आता येईल समितीपुढं. म्हटलं, तुमचं नाव पुन्हा घालायचं."

"घाला की."

"घालतो. तेवढी ही पेटी... वाळवी लागलीय हो तिला. शाळेला नवी आणू, चांगली पत्र्याची. ही आता सरपणालाच बरी."

त्यांनी गुरुजींच्या हातातून पेटी घेतली आणि माझ्या चुलीपुढं ठेवली.

"तुमच्याच हातानं होऊ द्या वैनी. म्हणजे मागनं कुणाला बोलायला जागा नको."

मी पेटीकडं पाहिलं. फणसाचं लाकूड. त्याला कसली वाळवी लागते? वाळवी कुठं लागली होती ते मला दिसत होतं, पण तिला धोतर नेसवलेलं होतं.

"तात्या, तुमची नात बी ह्याच शाळेत हाय."

"ती टेम्पोत बसत नाही," तात्या पटकन म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

चुलीतलं लाकूड तडतडलं. गुरुजींनी मान खाली घातली. तात्यांनी घसा साफ केला. "आम्ही गुरुजींच्या खोलीत चहा घेतो. तवर होऊ द्या."

ते गेले. पोरांचं जेवण झालं होतं, सुट्टीची घंटा व्हायची होती. मी जळतं लाकूड बाहेर ओढलं, हंड्यातलं पाणी तांब्यानं घेतलं आणि चूल विझवली. असला काही धूर झाला! तांदळाचं रिकामं पोतं झटकलं, पेटी त्यात घातली आणि तोंड सुतळीनं बांधलं. वैजंता कोपऱ्यात ताटल्या पुशीत होती.

"ठेव ते," मी म्हणाले. "चल."

"कुठं?"

"तुझ्या चिठ्ठ्या पोचवाय."

मागच्या दारानं निघालो. पोतं माझ्या डोक्यावर, तिचा हात माझ्या हातात. तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर पोलीस चौकी होती, दोन मैल. ती लंगडत होती, तरी माझ्यापुढं एक पाऊल चालत होती.

पेटी मला तिथंच फोडता आली असती. विळ्याचा एक घाव पुरला असता. पण मग उद्या तात्या म्हणाले असते, "चिठ्ठ्या गजरीनंच लिहून घातल्या." उघडायची ती चारचौघांत, आणि लिहून घेणाऱ्यासमोर.

अर्ध्या वाटेवर मागून टेम्पोचा आवाज आला. वस्तीची वाट तिकाटण्यावरूनच फुटते. वैजंताची नखं माझ्या तळव्यात रुतली.

टेम्पो आमच्या अंगालगत येऊन हळू झाला. हंबीरनं मान बाहेर काढली.

"काय मावशी, उन्हाच्या पायी? बसा की, सोडतो. वैजे, तू कालबी आली न्हाईस, आज सकाळी बी न्हाई. मामावर रुसलीस व्हय?"

"माझ्या डोक्यावर ओझं हाय हंबीर," मी म्हणाले.

"तेच म्हणतोय. द्या, ठेवतो मागं."

"ते तुझंच हाय. तुला पेलायचं न्हाय."

तो हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्यानं पोत्याचा चौकोनी आकार पाहिला. आणि मी पाहिलं ते दुसरंच. पुढच्या सीटवर, वैजंताच्या जागेवर, तिसरीतली मंदा बसली होती. पाय खाली टेकत नव्हते. दप्तर दोन्ही हातांनी छातीशी आवळलेलं.

मी टेम्पोपुढं जाऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

"मंदे, उतर."

"मावशी, काय तमाशा..."

"तू गप ऱ्हा, मेल्या! मंदे, उतर खाली. मागच्या बी उतरा. सगळ्या पोरी उतरा."

पोरी बघत राहिल्या. मग मंदानं दाराशी धडपड केली. दार आतून उघडत नव्हतं. इतके महिने मी बाहेरून आपटत होते, ते आतून उघडतच नाही हे मला त्या दिवशी कळलं. वैजंता लंगडत पुढं झाली आणि तिनं बाहेरून कडी ओढली. मंदा उडी टाकून तिला बिलगली. मागून एकेक पोरगी उतरली. आठ मोजल्या, वैजंता धरून नऊ. पोरगे आत बसून राहिले, काय चाललंय ते न कळून.

"घरी सांगतो एकेकीच्या!" हंबीर ओरडला.

"सांग. मी बी सांगायलाच निघालीय."

त्यानं फोन कानाला लावला. आम्ही पुढं निघालो. मागून नुसती अठरा पावलं वाजत होती. माझ्या तोंडात नेहमी ओवी असते. त्या दिवशी शब्द म्हणून येईना.

तिकाटण्यावर अण्णाची चहाची टपरी होती. वैजंता म्हणाली, "मावशी, दीदींनी पोरांच्या मदतीचा एक नंबर पाठ करून घेतला व्हता. एक, शून्य, नऊ, आठ. वस्तीवर रेंजच न्हाय म्हणून कधी लावला न्हाय." अण्णाच्या फोनवरून तो लावला. पलीकडच्या बाईनं गाव विचारलं, पोरीचं वय विचारलं आणि म्हणाली, "मावशी, मुलीला एकटी सोडू नका. आमच्या ताई निघाल्यात." तालुक्याहून स्कूटीवर समीना मुल्ला नावाची बाई पाऊण तासात तिकाटण्यावर पोचली. पाऊण तासात! आणि गावच्या पेटीत त्याच पोरीच्या चार चिठ्ठ्या श्रावणापासून पडून होत्या.

पण त्याआधी चौकी.

पिसाळ हवालदार दारातच उभे होते. "गजरा शंकर सुतार तुम्हीच ना? तक्रार आलीय तुमच्यावर. शाळेच्या मालमत्तेची चोरी. अध्यक्षांचा फोन होता."

"आन लिवली बी?"

"लिहिली."

"फोनवर?"

"ते येतायत सही करायला."

मी पोतं टेबलावर आदळलं. संताप असा काही चढला होता की पायाचे अंगठे वळले. "अध्यक्षांची तक्रार वाटंत असतानाच लिवलीत! आन ह्या पेटीतली पोरींची तक्रार कितींदा लिवली? ती कुणी वाचायची? वाळवीनं?"

"बाई, ती माझ्याकडं आलेली नाही."

"आता आलीय. उघडा."

"असं उघडता येत नाही. त्याला समिती..."

पुन्हा तेच. मला वाटलं, आता इथंच खाली बसावं आणि गळा काढावा. आणि तेवढ्यात मला पातेल्याची करपू आठवली.

दोन वर्षांमागं शाळेतली पातेली चोरीला गेली होती. ती सापडली तेव्हा ह्याच पिसाळ हवालदारांनी दोन माणसं बसवून पंचनामा केला होता. मुद्देमाल म्हणून एकेक पातेलं लिहिलं. झाकण लिहिलं. एका पातेल्याच्या बुडाला जळक्या खिचडीची करपू चिकटलेली होती, तीसुद्धा लिहिली. मी तेव्हा हसले होते.

"हवालदारसाहेब," मी म्हणाले, "चोरलीय मी. कबूल. लिवा."

ते चपापले. "काय?"

"पेटी चोरली. ह्याच हातांनी. पोत्यात घातली आन आणली. आता हा चोरीचा माल झाला का न्हाय?"

"झाला."

"मग त्याचा पंचनामा करा. आन पातेल्याची करपू लिवली तशी आत काय हाय तेबी लिवा."

पिसाळ हवालदार माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या मागं गेली. चौकीच्या पायरीवर नऊ पोरी ओळीनं बसल्या होत्या, जेवणाच्या पंगतीला बसतात तशा. हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"अण्णा, इकडं ये," त्यांनी टपरीकडं हाक मारली. "आणि ते टपाल वाटणारे पोस्टमन थांबलेत ना चहाला, त्यांनाही बोलाव. दोन पंच पाहिजेत."

हातोडा मागवला तोवर मोटरसायकल थांबली. तात्या उतरले, मागून शेडगे गुरुजी.

"हवालदार, हे काय? शाळेची मालमत्ता आहे ती! फोडायची नाही!"

"तुमचीच तक्रार आहे तात्या. माल तपासल्याशिवाय मुद्देमाल कसा लिहू?"

"मग तक्रार मागं घेतो मी!"

"आरोपीनं कबुली दिलीय," हवालदार म्हणाले आणि हातोडा उचलला.

"थांबा," गुरुजी म्हणाले.

त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. पाकिटाच्या कप्प्यातून किल्ली काढली. बोटाच्या पेराएवढी. ती टेबलावर ठेवली.

"हरवली व्हती ना गुरुजी?"

"नव्हती," ते म्हणाले.

सोळा चिठ्ठ्या निघाल्या. वहीची पानं, कॅलेंडरचे तुकडे, एक बिस्किटाच्या पुड्याचा कागद. हवालदार एकेक उलगडून मोठ्यानं वाचत होते आणि पोस्टमन लिहून घेत होते. पहिली कुणा पोराची निघाली. 'खिचडीत मटार वाढवा. मावशी लै ओरडती.' अण्णा हसला. मीही हसले असेन.

दुसरी वाचताना हवालदारांचा आवाज खाली आला.

पत्र कसं लिहावं, ते सहावीत शिकवतात. वैजंतानं तसंच लिहिलं होतं. 'माननीय पेटीस, सप्रेम नमस्कार. विनंती विशेष. मला टेम्पोत पुढे बसायचे नाही. मामा चांगले नाहीत. तरी मला मागे बसवावे. उलटीचा त्रास मी सहन करीन. आपली विश्वासू.' तिच्या तिसऱ्या पत्रात मामा काय करतात ते होतं. ते मी इथं लिहीत नाही. हवालदारांनीही ते मोठ्यानं वाचलं नाही, पंचांच्या हातात दिलं. चौथ्या पत्रात होतं, 'मी आधी तीन पत्रे पाठवली. मिळाली नसतील. उलटटपाली कळवावे.'

पोस्टमननी पेन खाली ठेवलं. पंचवीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पेन उचललं.

अजून तळाशी होत्या. निराळ्या अक्षरातल्या, पिवळ्या पडलेल्या. एकीवर तीन वर्षांपूर्वीची तारीख. खाली नाव, शालन. मंदाची थोरली बहीण. ती सातवीतून शाळा सोडून गेली होती. अभ्यास झेपला नाही, असं गुरुजी म्हणाले होते. असंच असेल, असं मीही म्हणाले होते. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, जेवायला सगळी शाळा गेली होती. लग्नातला भात मीच शिजवला होता.

तात्या केव्हा बाहेर गेले ते कळलं नाही. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. गुरुजी गेले नाहीत. भिंतीला टेकून उभे होते, आणि एकेक चिठ्ठी वाचून झाली की आपलं नाव पुकारल्यासारखे मान हलवत होते.

चोरीच्या कबुलीवर मी सही केली. ग, ज, रा. तो खटला माझ्यावर चार वर्षं चालला. स्वयंपाकाचं काम महिन्याभरात गेलं. हंबीरला त्या संध्याकाळी वस्तीवरून आणलं, पुढं शिक्षा लागली. टेम्पो बंद झाला आणि गुरुजी म्हणाले होते तशी शाळा काही बंद पडली नाही. समीनाताईंनी पंचायतीच्या दारात ठाण मांडलं, पण नवी गाडी मिळायला दोन महिने लागले. ते दोन महिने धनगरवाड्यावरच्या बाया पाळीपाळीनं खांद्याला काठी लावून पोरांना शाळेत सोडत होत्या. वैजंताचा बाप मेंढरं घेऊन परत आला. समीनाताई त्याच्या पालावर तीनदा जाऊन बसली. त्यानं पोरीची शाळा सोडवली नाही.

पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी समीनाताई चौकीत आली तेव्हा आधी कुणाशी बोलली नाही. पायरीवर पोरींच्या ओळीत जाऊन बसली. सगळ्यांना पाणी पाजलं. वैजंताची टाच पाहिली आणि विचारलं, "काटा कुणी काढला?"

"मावशीनं."

"छान काढलाय." मग तिच्याकडं न बघता, समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाली, "तुला हवं असेल तरच बोलायचं. आज नको असेल तर आज नाही. एक पोलीस मॅडम येतायत तालुक्याहून, त्या लिहून घेतील. साध्या कपड्यांत येतील. तुझ्याजवळ कुणीतरी बसलेलं चालतं. आईला आणायला गाडी गेलीय. तोवर कोण हवं?"

मी पदर सावरून पुढं झाले. वैजंतानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"मावशी बसू दे," ती म्हणाली. "पण तिनं बोलायचं न्हाय."

समीनाताईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

चौकीच्या मागं एक खोली होती. सतरंजी अंथरली होती. तालुक्याच्या मॅडम आल्या, वही मांडीवर घेऊन खाली बसल्या. मी भिंतीकडेला बसले, पोरीपासून हातभर लांब. सुरुवातीला ती काहीच बोलेना. मला वाटलं, म्हणावं, सांग बाळ, भिऊ नगंस. शब्द ओठावर आला. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला.

बाहेर मंदा कुणाला तरी पाढे म्हणून दाखवत होती. सातचा पाढा संपला. आठचा सुरू झाला.

मग वैजंता बोलायला लागली. पहिल्या दिवसापासून.